घंटेचं तांबं

अहो, तो नको — तो ठेवा खाली. तो तुमच्या घंटेचा तुकडा नाहीये. कुठल्याच घंटेचा नाहीये, नळाच्या तोटीचा आहे, घासूनपुसून लख्ख केलेला. बघा ना, पिवळाधमक आहे — पितळ. घंटेचं कांसं असं नसतं, तोडलं की आतून राखाडी दिसतं, रवाळ, फुटलेल्या दगडासारखं. आता तुम्ही म्हणाल, मग ही टोपली इथं दाराशी कशाला मांडून ठेवलीय? बाबांनी ठेवलीय. कोणी गावाहून आलं, घंटेचा एखादा तुकडा द्या म्हणालं, की यातला एक काढायचा, फडक्यात गुंडाळायचा, हातावर ठेवायचा आणि तोंड मिटून बसायचं. मला बाकी सगळं जमतं, ते शेवटचं जमत नाही. आत्या म्हणते, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. नाही भिजत. काय करू?

बसा, आजोबा. त्या पेटीवर नको, तिच्यात कथील आहे, पाय डगमगतोय तिचा — इथं, या फळीवर. माझे हात मातीचे आहेत, नाहीतर धरलं असतं तुम्हाला. हा साचा आज लिंपून व्हायला हवा, मध्येच वाळला तर भेगा पडतात, म्हणून मी काम करता करता बोलते, राग मानू नका. माती, शेण आणि केस. हो, केस — माती धरून ठेवायला. देवाची घंटा शेणाच्या पोटी जन्माला येते, हे लोकांना ऐकवत नाही, नाक मुरडतात. खड्ड्यातून काढतो तेव्हा तर बघायलाच नको, काळीठिक्कर, खरूज झाल्यासारखी. मग छिन्नी, कानस, वाळू. तुम्ही मनोऱ्यात बघता ती घासून काढलेली.

बाबा दोरखंड आणायला गेलेत. येतीलच. ते असते तर तुम्ही एव्हाना तो पितळी तुकडा खिशात टाकून रस्त्याला लागला असता, आणि — आणि बरं वाटलं असतं तुम्हाला, ते आहेच.

कुणाला हवा होता तुकडा? लेकीला. लांब असते? मग काय करता, फोनवर ऐकवता तिला घंटा? रोज संध्याकाळी? मनोऱ्याखाली उभं राहून, फोन असा वर धरून? अगंबाई. आणि तिलाही ऐकू येते — म्हणजे तिलाही तसंच वाटतं, की आई बोलतेय? असं. म्हणून तुकडा. आईचा तुकडा जवळ असावा म्हणून. हं.

नाही, काही नाही. मातीत खडा आला.

घंटा ओतली त्या दिवशी गावाच्या टोपलीत काय टाकलं होतं तुम्ही? पेला. तांब्याचा. आजींचा रोजचा पाणी प्यायचा. बरं — पेले पुष्कळ येतात तसे. पेले, चमचे, किल्ल्या, कुलपं, बिल्ले, बंबाचा नळ. माणसं काय काय आणतात म्हणून सांगू! एका बाईंनी नवऱ्याची कवळी आणली होती, तिला तार असते ना म्हणून. म्हणाल्या, जन्मभर खोटं बोलले, आता तरी देवाचं बोलतील. एकानं चालू घड्याळ आणलं, आत बॅटरी! ते तसंच रसात पडलं असतं ना, तर घंटा राहिली बाजूला, आम्हीच मनोऱ्याएवढे उंच उडालो असतो. हसू नका, खरं आहे. उकळत्या रसात बंद वस्तू पडली की स्फोट होतो. म्हणून मी सगळं निवडते. ते माझं काम. पडद्यामागं मोठं टेबल आहे, टोपली आत आली की त्यावर उपडी करायची आणि —

आता हे मी सांगायला नको होतं.

जाऊ दे, सांगितलंच आहे अर्धं. आजोबा, एक सांगा. त्या दिवशी तुम्ही अंगणात उभे होता, सगळं गाव होतं, तुमच्या गुरुजींनी प्रार्थना सुरू केली, एकेकानं आपली वस्तू टोपलीत ठेवली, कोणी रडलं, कोणी वस्तूचा मुका घेतला, आमच्या आत्यानं टोपली उचलली आणि पडद्याआड भट्टीकडं नेली. प्रार्थना संपायच्या आत भट्टीचं तोंड उघडलं आणि रस साच्यात उतरला. बरोबर? मग मला सांगा, तांबं म्हणजे काय लोणी आहे? आत्ता टाकलं आणि आत्ता विरघळलं? अहो, पहाटेपासून पेटलेली असते भट्टी. आत जे असतं ते आधीच गेलेलं असतं — नवं कोरं तांबं, चार वाटे, आणि एक वाटा कथील. बस. तिसरी वस्तू नाही. एवढी माणसं उभी असतात अंगणात, शिकलेली असतात, आमच्याशी घासाघीस करताना डोकं कसं भराभर चालतं, पण हा एक प्रश्न आजपर्यंत कोणी विचारलेला नाही. कोणीच नाही. मला त्याचाच राग येतो! लोकांना फसवणं इतकं सोपं असू नये.

थांबा, ऐका. वस्तू टाकल्या तर काय होतं तेही ऐका, नाहीतर म्हणाल ही माणसं चोर आहेत. पितळ टाकलं, आवाज मंद झाला. लोखंड टाकलं, ते विरघळतच नाही नीट, खडा होऊन बसतं. आणि शिसं — शिसं सगळ्यात वाईट. शिसं गेलं की घंटा बोलतच नाही. ठोकलं की ‘थड’, ओल्या भिंतीवर पाटा आपटल्यासारखं. लोकांच्या घरात शुद्ध काय असतं, आजोबा? काही नसतं. सगळी भेसळ, सगळं दुरुस्त केलेलं. ते सगळं घातलं तर घंटा मुकी होणार, आणि तीच माणसं येऊन बाबांची गचांडी धरणार. म्हणून हे असं. बाबांचे वडील असंच करत, त्यांचेही वडील असंच करत. पडद्यामागचं सगळं मग तोट्या आणि कड्या-बिजागऱ्या करणारा कारागीर घेऊन जातो, त्या बदल्यात भट्टीचा कोळसा देतो. म्हणजे तुमच्याच गावातल्या एखाद्या दारात, एखाद्या नळाला —

अरे देवा. नाही. तसं नाही म्हणायचं मला. आजींबद्दल नाही बोलले मी. थांबा, पाणी देऊ? नको? बसा तरी. उठू नका एकदम, उन्हातून आलाय तुम्ही.

मी ना, बाहेर शिकायला गेले होते. धातूंचंच शिकले. परत आले आणि पहिल्यांदा बाबांना म्हटलं, हे बंद करा. माणसं आपली गेलेली माणसं आणून टोपलीत ठेवतात आणि आपण त्यांच्या बिजागऱ्या करतो. टोपलीच नको. सरळ सांगा — घंटेत तुमचं काही जात नाही, पण घंटा चांगली वाजेल. बाबा म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, उघडली तर रिकामी आहे म्हणूनच ना? त्यावर जेवताना ताटावरून उठले. आमच्याकडं कोणी ताटावरून उठत नाही हो, एवढं शिस्तीचं घर. मग त्यांचं ते नेहमीचं — ‘आपण कुठं म्हणतो तुमचा चमचा घंटेत गेला? आपण म्हणतो, देवाच्या कामी आला. कोळसा आला, भट्टी पेटली, घंटा झाली. खोटं काय त्यात?’ खोटं इतकं जुनं झालंय की त्याला खऱ्यासारखीच कल्हई चढलीय.

पण मी सोडलं नाही. रोज तेच. शेवटी कंटाळले ते, आणि तुमच्या घंटेच्या वेळी — हो, तुमच्याच — सकाळी हातपाय धूत होते, तसेच ओल्या हातानं म्हणाले, शोध. आज जी टोपली येईल त्यात निव्वळ तांब्याची एक तरी वस्तू शोध. निव्वळ. मी माझ्या हातानं रसात सोडीन. तुम्हाला कळतंय का, आजोबा, मला काय झालं असेल? चार पिढ्यांत पहिल्यांदा. एक वस्तू. एका घरासाठी तरी ते सगळं खरं ठरलं असतं, ती प्रार्थना, तो पडदा, सगळं. मी म्हटलं, एक मिळाली की पुढच्या वेळी दोन. पुढं आपण गावाला आधीच सांगू, कल्हई काढून निव्वळ तांबंच आणा, तेवढंच घेऊ. अशी स्वप्नं! टोपली उपडी केली आणि दोन्ही हातांनी उकरायला लागले. बाहेर तुमची प्रार्थना चाललीय, आत भट्टी घोंघावतेय, आत्या म्हणतेय आटप गं, आटप. चमचे — पितळ. बिल्ला — आत लोखंड, वर मुलामा. अंगठी — कशाची होती देव जाणे. आणि सगळ्यांच्या खाली एक पेला.

…

हो. तांब्याचा.

मी नखानं कल्हई खरवडली. आतून लालबुंद तांबं. जुनं, ठोकून केलेलं, आता मिळत नाही तसलं. काठाला एकाच बाजूला कल्हई पार उडालेली — तिथंच ओठ लावून कोणीतरी वर्षानुवर्षं पाणी प्यायलेलं. मी ओरडलेच, बाबा, मिळालं! बाबांनी खरंच हात पुढं केला. आणि देता देता मी पेला उलटा केला, तर बुडाला शिशाचा डाग. गळत असणार, म्हणून कोणीतरी डाग दिलेला. आणि कसला? कारागिराचा नव्हेच. एवढा ढेकळासारखा गोळा, इकडं पसरलेला, तिकडं ओघळलेला, वर कानसही मारलेली नाही. कोणा घरच्याच उपटसुंभानं चुलीवर शिसं वितळवून ओतलेलं. असली चीड आली मला! म्हटलं, नवा पेला घ्यावा की नाही माणसानं? नसती हौस. या एका गोळ्यामुळं —

आजोबा?

तुम्ही?

तुम्ही दिला होता तो डाग.

मला… मला माहीत नव्हतं. म्हणजे मला कसं माहीत असणार? मी आपलं बोलत गेले. त्यांना नवा नकोच होता का? हाच हवा होता. हो, असतात काही माणसं अशी, एकच पेला लागतो. मग तुम्ही काय करणार, दुरुस्तच करणार. घरात शिसं होतं, केलं. गळायचा थांबला ना? थांबला. मग झालं तर. डाग चांगलाच होता. दिसायला कसाही असो. पेल्यासाठी चांगलाच होता, घंटेसाठी नव्हता एवढंच. त्यात तुमचं काय चुकलं? काही नाही. माझ्याकडं असं बघू नका. तुमचं काही चुकलेलं नाही.

आता विचारा तुम्ही, बूड कापून वरचा भाग टाकता आला नसता का? विचारा ना. आला असता. कातर होती हातात. बाबा म्हणाले, काप, बघतेस काय, काप आणि दे. आणि मी — नाही कापलं. मी बाबांशी भांडभांड भांडलेली, मला एक वस्तू हवी होती, मिळाली होती, एक काप आणि झालं असतं, आज तुम्ही म्हणता ते खरं झालं असतं. नाही कापलं. का ते मला सांगता येत नाही. पेला होता हो तो. अख्खा. कोणीतरी सकाळीच त्यातून पाणी प्यायल्यासारखा. एवढं सगळं शिकून, एवढं सगळ्यांना शहाणपण शिकवून, माझीच कातर चालली नाही. मग बाबांनी भट्टीचं तोंड उघडलं. रसाची धार एकदा सुरू झाली की थांबवता येत नाही, थांबली की घंटेत सांधा पडतो. संपलं.

तो बिजागऱ्यांत नाही गेला, आजोबा. ते मनातून काढा. इथंच आहे. त्या खिडकीत, बघा, वीट आहे ना लाल, तिच्यामागं. मी रोज पाणी पिते त्यातून — धुते हो, राखेनं घासते, स्वच्छ असतो अगदी. थांबा, मी आणते. माती लागेल जराशी, लागू दे. हा घ्या. घ्या ना. तुमचाच आहे. तुम्ही तुकडा मागायला आलात आणि मी अख्खा देतेय, पितळाच्या तुकड्यापेक्षा हे बरं नाही का? लेकीला द्या. तिला म्हणावं, हा आईचा, खराखुरा, हातात धर, इथं काठाला ओठ लाव. घंटा काय, लांब मनोऱ्यात. आणि हे हातात आहे. हे खरं आहे. खरं असलेलं बरं असतं ना, आजोबा? शेवटी तरी?

काय?

तुमचा नाही?

अहो, असं कसं — नीट बघा. उजेडाला या जरा. तुमचा नाही कसा? तुम्ही आत्ताच तर… अहो, हातात घेतल्या घेतल्या तुम्ही तो उलटा केलात. परक्याचा पेला माणूस आत डोकावून बघतो, बूड नाही बघत. आणि तुमचं बोट बरोब्बर त्या गोळ्यावर —

…

तुमचा नाही म्हणता.

तुमच्या पेल्याला डाग नव्हताच. बरं. मघाशी तुम्ही मान हलवलीत तसं मला वाटलं. चुकून हलली असेल. उन्हातून आलाय तुम्ही.

मग दुसऱ्या कोणाचा तरी असेल हा. पेले पुष्कळ येतात, म्हटलंच ना मी. एकासारखे एक असतात. तुमचा मग… तुमचा गेला असेल. हो. माझ्या हाती लागायच्या आधीच आत्यानं सोडला असेल रसात. गडबडीत मला कुठं सगळं दिसतं? निव्वळ तांब्याचा होता ना, मग काही प्रश्नच नाही. विरघळला असेल चटकन. द्या इकडं, मी ठेवते हा. द्या. आजोबा, सोडा — सोडा ना हात. हां.

आणि तुकडा? राहू दे म्हणता. फोनवर ऐकते तेवढं पुरे आहे तिला. ठीक.

रागावलात का माझ्यावर? नाही? रागावलात तरी चालेल खरं म्हणजे. बाबा येऊन विचारतील, गावाहून कोणी आलं होतं का, काय सांगितलंस? काय सांगू त्यांना? जाऊ दे, तो माझा प्रश्न. काठी इथं आहे तुमची. जपून, तिथं खड्डा आहे, फळीवरून जा.

आजोबा — एकच विचारू? तुमची घंटा मी टांगायच्या आधी दिवसभर ठोकून बघितली होती. आतून काठ घासायचा, ठोकायचं, ऐकायचं, परत घासायचा. मला त्यात एक खालचा सूर ऐकू आला, एक वरचा, आणि मध्ये थोडी थरथर. दुसरं काही ऐकू नाही आलं. म्हणून विचारते. ती रोज संध्याकाळी वाजते तेव्हा तुम्हाला नेमकं काय ऐकू येतं? म्हणजे आजी काय म्हणतात?

‘आलात का?’

एवढंच? बाहेरून आलात की आतून विचारायच्या तसं? दार वाजलं की, स्वयंपाकघरातून, न बघताच? ‘आलात का?’

आणि मग तुम्ही? तिथं रस्त्यात, सगळ्यांसमोर, फोन वर धरून — मोठ्यानं सांगता, ‘आलो’ म्हणून?

निघा, आजोबा. अहो, निघा ना, उभे काय राहिलात? संध्याकाळ होत आली. तुम्ही तिथं नसलात, तर त्या कोणाला विचारतील?